रोशनदान आणि फट

२०२० सालापर्यंत मराठी घरात ‘व्हेंटिलेटर’ या शब्दाची कुणाला भीती वाटत नव्हती. दाराच्या किंवा खिडकीच्या वर, छताच्या जरा खाली बसवलेली आडवी, लहानशी खिडकी म्हणजे व्हेंटिलेटर. तिला एक दोरी बांधलेली असे, ती ओढली की तावदान तिरकं होई. चिमण्या तिथे काड्या जमवत आणि दिवाळीच्या साफसफाईत घरातलं सगळ्यांत उंच माणूस स्टुलावर चढून तिथली जळमटं काढी. करोनाच्या साथीत हा शब्द रुग्णालयातल्या यंत्राला जाऊन चिकटला आणि घरातल्या त्या खिडकीला आता बिचारीला नावच उरलं नाही.

तशी तिला नावं पुष्कळ. आमच्या घरात तिला ‘रोशनदान’ म्हणत, म्हणजे उजेड देणारी. संस्कृतात ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट. ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा. आणि गंमत बघा, इंग्रजीतला ‘विंडो’ हा शब्दसुद्धा उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेतून आला आहे, त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. स्वयंपाकघरातून धूर बाहेर काढतं ते ‘धुराडं’. कुणी उजेडावरून नाव ठेवलं, कुणी वाऱ्यावरून, कुणी धुरावरून. भिंतीतलं भोक एकच, पण त्याच्याकडून माणसाच्या अपेक्षा तीन.

आज मला या भोकाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याच्याच शेजारी नांदणाऱ्या त्याच्या सावत्र भावाबद्दलही. तो म्हणजे फट. झरोका माणूस ठेवतो, फट आपोआप पडते. झरोक्याला चौकट असते, माप असतं, झाकण असतं. फटीला यातलं काही नसतं. घर बांधणाऱ्या माणसाचं शहाणपण या दोघांतला फरक ओळखण्यात आहे. झरोका उघडा ठेवायचा आणि त्याच्या चौकटीभोवतीची फट बुजवायची, एवढाच काय तो नियम. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर आपण हा नियम कितीदा उलटा केला हे दिसतं, आणि त्याची किंमत माणसांनी जिवानं मोजली आहे.

मराठवाड्यात, खानदेशात, वऱ्हाडात धाब्याची घरं होती, काही गावांत अजून आहेत. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. या सपाट छतात एक भोक ठेवलेलं असे. त्याला साणं म्हणत; भागाभागात नाव थोडं बदले. सकाळी त्यातून उजेडाचा कवडसा जमिनीवर उतरे आणि दिवस चढे तसा सरके. घरातल्या बायका त्यावरून वेळ ओळखत. चुलीचा धूर त्यातूनच वर जाई.

या साण्याची राखण कशी होती ते पाहण्यासारखं आहे. भोकाच्या कडेला मातीचा उंच काठ केलेला असे, म्हणजे धाब्यावर पडलेलं पावसाचं पाणी आत ओघळू नये. पाऊस आला की वर घमेलं, परात किंवा सपाट दगड पालथा पडे. मृग लागायच्या आधी धाब्यावर नवी माती पडे, आणि त्याच वेळी साण्याचा काठ भुसा-शेण कालवलेल्या चिखलानं लिंपला जाई. म्हणजे भोक उघडं, कड बंद. कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात न गेलेल्या माणसांनी हा नियम पाळला होता, कारण काठाला तडा गेला तर भिंत भिजते आणि मातीची भिंत भिजली तर घर बसतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

कोकणात तऱ्हा वेगळी. तिथे नळीच्या कौलांचं छप्परच एक मोठं रोशनदान होतं. धूर कौलांमधून वाट काढून निघून जाई आणि जाता जाता वाशांना काळा लेप देऊन किडीपासून राखे. उजेडासाठी मध्येच एखादं काचेचं कौल. दर वर्षी पावसाआधी घर शाकारायचं, म्हणजे सरकलेली कौलं जागेवर आणायची आणि फुटलेली बदलायची. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे यंत्रावर दाबून केलेली, एकमेकांत खाचेनं बसणारी सपाट मंगलोरी कौलं किनारपट्टीवर सगळीकडे पसरली. गळती कमी झाली, फटीही कमी झाल्या. या कौलांचा पुढे एका वैद्यकीय शोधाशी संबंध यायचा होता.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांची समजूत अशी होती की कुजकी, कोंडलेली हवा हीच रोगाचं मूळ. आपल्याकडेही ‘हवा बाधली’ म्हणतात आणि आजारी माणसाला ‘हवापालट’ करायला पाठवतात. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी इटालियन, ‘वाईट हवा’ या अर्थाचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी रुग्णाच्या खोलीत बाहेरइतकी शुद्ध हवा असलीच पाहिजे हा शुश्रूषेचा पहिला धडा म्हणून सांगितला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला, त्यामागेही त्यांचे कष्ट होते. मग बराकी, तुरुंग, रुग्णालयं यांच्या भिंतींत उंचावर झरोके ठेवणं, माणशी किती घनफूट हवा हे मोजणं सुरू झालं. आपल्या दारावरच्या व्हेंटिलेटरचं कूळ या बराकींपर्यंत पोचतं.

मग १८९६ साल उजाडलं. सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची वखार. गुदामं, त्यांवर दाटीवाटीची घरं, अंधारे जिने. सरकारनं हवेच्या सिद्धान्ताप्रमाणे पावलं उचलली. गटारं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बोलिक आम्लानं धुतली. घरांतल्या आडभिंती पाडल्या. उजेड आणि वारा यावा म्हणून छपरांची कौलं काढली, भिंतींना भोकं पाडली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर त्या अर्थाची इंग्रजी अक्षरं रंगवली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि घरात शिरून झडती घेण्याचा हक्क सरकारला मिळाला. पुण्यात या झडत्यांचं पुढे काय झालं, २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी का झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

छप्पर फोडूनही प्लेग थांबला नाही. गटारं धुतली तसे त्यांतले उंदीर घरांत शिरले, आणि एका घरातून हाकलले तर दुसऱ्या घरात गेले. १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं सांगितलं की रोग उंदरावरच्या पिसवेमुळे पसरतो. त्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. हिंदुस्थान सरकारच्या पहिल्या प्लेग आयोगानंही ते मानलं नाही.

शेवटी १९०५ मध्ये मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, नव्यानं संशोधन सुरू झालं. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो घरांचाच प्रयोग आहे. संशोधकांनी सहा लहान खोल्या बांधल्या. बाकी सगळं सारखं, फरक फक्त छपरात. दोन खोल्यांवर नळीची देशी कौलं, दोनांवर मंगलोरी कौलं, दोनांवर पन्हाळी पत्रा. देशी कौलांत उंदीर सुखानं राहतात, मंगलोरीत त्यांना जेमतेम जागा मिळते आणि पत्र्यात मिळत नाही. छपराखाली तारेची जाळी ताणली, म्हणजे उंदीर खाली येऊ नये. खाली गिनीपिग ठेवले. जाळीनं उंदीर अडला, पण त्याच्या अंगावरची पिसू कशी अडणार? पिसवा होत्या तिथे रोग एका गिनीपिगाकडून दुसऱ्याकडे गेला. पिसवा नव्हत्या तिथे आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र, एकाच घाणीत राहूनही रोग पसरला नाही.

मग त्यांनी आणखी एक चाचणी घेतली. त्याच हवेत काही गिनीपिग पिंजऱ्यात घालून जमिनीपासून दोन फूट उंच टांगले, काही फक्त दोन इंच उंच ठेवले. दोन इंचांवरचे आजारी पडले, दोन फुटांवरचे वाचले. पिसवेची उडी दोन फुटांपर्यंत जात नाही. हवा मात्र दोन फुटांवरही तीच होती. गाठीच्या प्लेगपुरती हवा निर्दोष सुटली. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो, तो वेगळा; पण मुंबईत घरंच्या घरं ज्यानं रिकामी केली तो गाठीचा होता.

या निकालाचा अर्थ घराच्या भाषेत सांगायचा तर असा: सरकारनं भोकं पाडली, पण फटी तशाच राहिल्या. झगडायचं होतं ते उंदराच्या वाटेशी. जोत्याच्या कोपऱ्यातली बिळं, मोरीच्या नळाभोवतीची पोकळी, तुळई भिंतीत शिरते तिथलं खिंडार, कौलांखालची पोकळी. लहान उंदराला पेन्सिलीएवढी वाट पुरते, डोकं शिरलं की अंग शिरतं. आपल्याकडे बिळात काचेचे तुकडे घालून वर सिमेंट भरायची जी रीत आहे ती मला वेदाहून कमी पवित्र वाटत नाही. नुसती माती किंवा कागद उंदीर एका रात्रीत कुरतडतो, काच कुरतडायची त्याची हिंमत होत नाही.

तरी म्हणून हवा-उजेडाची मागणी चुकीची होती असं मात्र नाही. क्षयाला अंधारी, कोंदट खोली फार मानवते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टनं नवे रस्ते काढले, चाळी बांधल्या. जे. पी. ऑर हे त्याचे अध्यक्ष असताना एका कोनाचा आग्रह धरला गेला, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेर समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा मध्ये हवी, म्हणजे या कोनातून आभाळ दिसेल आणि उजेड तळमजल्यापर्यंत उतरेल. गरिबाच्या खोलीला आभाळाचा एक तुकडा हक्कानं मिळावा म्हणून कुणीतरी भूमितीचा आधार घेतला, हे मला कवी म्हणून सुद्धा मोलाचं वाटतं. ते आभाळ किती चाळींना मिळालं हा भाग निराळा.

हवेवरचा दुसरा मोठा खटला इटलीत चालला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. तरी ‘रात्रीची हवा वाईट’ ही समजूत जाईना. तेव्हा १९०० मध्ये रोमजवळच्या दलदलीत, जिथे उन्हाळ्यात मुक्काम म्हणजे हमखास हिवताप, तिथे एक लाकडी झोपडी उभारली गेली. खिडक्या-दारांना बारीक जाळी, कुठेही डास शिरेल एवढी फट नाही. सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर आपल्या सोबत्यांसह जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे राहिले. दिवस मावळायच्या आत घरात यायचे आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवून दलदलीची ‘वाईट’ हवा पोटभर घेत झोपायचे. एकालाही मलेरिया झाला नाही. आजूबाजूचे लोक तापानं फणफणत होते.

जाळी ही फार मोठी गोष्ट आहे. झरोका उघडा ठेवायचा की बंद, या भांडणावर तिनं तोड काढली. हवा आत, डास बाहेर. पण त्या झोपडीचं खरं यश जाळीत कमी आणि जाळीच्या कडेत जास्त होतं. खिडकीला उत्तम जाळी आणि चौकटीशी बोटभर फट, अशी घरं आपण रोज पाहतो. डासाला फट शोधायला वेळ लागत नाही. त्याला वास आणि ऊब वाट दाखवते. जाळी तिच्या कडेइतकीच चांगली.

आता धुराकडे येऊ. चुलीचा धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, हे कळायला संशोधन लागत नाही, पण ते मोजायला लागलं. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं आणि जगाला हादरा बसला. त्याआधी वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या चळवळीतून ‘मगन चूल’ निघाली होती. १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम घेतला. चूल बंदिस्त, तिला पाइप, पाइप छपरातून बाहेर. कागदावर सगळं ठीक.

पण पाइप जिथून छपरातून बाहेर जाई तिथे भोक पाइपापेक्षा मोठं पडलेलं असे. पावसात त्या कडेनं पाणी गळे, थेट चुलीवर. पाइप तापे आणि निवे, त्यामुळे भोवती भरलेला चिखल सुटे. बाई काय करणार? एक पावसाळा सोसला की पाइप काढून ठेवायची आणि भोक बुजवायची. धूर पुन्हा घरात. एवढ्या मोठ्या योजनेचा पाय कितीतरी घरांत या दोन बोटांच्या फटीत अडकला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस खेडोपाडी गेला, तरी जिथे सिलिंडर भरायला पैसे नसतात तिथे चूल अजून पेटते. पाइपाभोवतीच्या फटीचा प्रश्न तिथे अजून जिवंत आहे.

फट बुजवायची तर कशानं, यालाही इतिहास आहे. वाड्यांच्या काळात घाणीत मळलेला चुना. त्यात गूळ, बेलफळाचा गर, विटांची भुकटी. हा चुना हळू आवळतो, थोडा लवतो, म्हणून त्याला बारीक भेग पडली तरी तो भिंतीबरोबर राहतो. लाकडी चौकटीला काच बसवायची तर अळशीचं तेल आणि खडूची पूड मळून केलेली लांबी. मग १८२४ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेलं पोर्टलँड सिमेंट आलं आणि आपण सगळं त्यानंच भरू लागलो. सिमेंट कडक, लाकूड जिवंत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दोन ऋतू गेले की चौकट आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी रेघ दिसते, तिसऱ्या वर्षी तीतून मुंग्या येतात. मिस्त्री वाईट नसतो; दोन वेगळ्या स्वभावांची लग्नगाठ कडक दोरीनं बांधलेली असते. तिथे लवचीक भराव लागतो. आज त्यासाठी सिलिकॉनची नळी मिळते, मोठ्या पोकळीसाठी फुगणारा फेस मिळतो. या फेसाचं रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये काढलं.

झरोकाच बुजवण्याचे प्रसंगही आपल्यावर आले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईत ब्लॅकआउट असे. घराघरांत व्हेंटिलेटरच्या काचांवर काळा किंवा तपकिरी कागद चिकटवला गेला, विमानाला उजेड दिसू नये म्हणून. वडीलधारी माणसं सांगतात की युद्ध संपलं तरी कित्येक घरांत तो कागद वर्षानुवर्षं तसाच राहिला. एकदा बंद केलेली गोष्ट पुन्हा उघडायची आठवण कुणाला राहत नाही. पुढे वातानुकूलन यंत्र आलं. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं खोलीच्या सगळ्या फटी बुजवायला लावल्या, आणि त्या सपाट्यात रोशनदानही गेलं. नव्या इमारतींत ते ठेवतच नाहीत. पश्चिमेकडे १९७३ च्या तेलटंचाईनंतर उष्णता वाचवण्यासाठी इमारती अशाच घट्ट बंद केल्या गेल्या, आणि पुढच्या दहा वर्षांत ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग वैद्यकात आला. कचेरीत बसलं की डोकं दुखतं, घरी गेलं की थांबतं. फटी बुजवणं बरोबर होतं, पण हवेला रीतसर वाट ठेवायला लोक विसरले होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं सांगतो. एमिल झोला हे फ्रेंच कादंबरीकार आपल्याला माहीत आहेत. २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसच्या आपल्या घरी ते सकाळी मृत सापडले. रात्री शेगडी पेटवली होती, खिडक्या बंद होत्या, धुराड्यातून धूर नीट बाहेर गेला नाही. पत्नी वाचल्या. ते धुराडं कुणी मुद्दाम बुजवलं असा संशय पुढे व्यक्त झाला, पण सिद्ध झाला नाही. ज्यानं त्यांचा जीव घेतला त्या वायूचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. माणूस श्वास घेत राहतो आणि आतून गुदमरत जातो. त्याला झोप आल्यासारखं वाटू शकतं.

हा मृत्यू पॅरिसमधला आणि १९०२ मधला म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते: न्हाणीघरात तरुण मृतावस्थेत, नवविवाहित दांपत्य बेशुद्ध, गॅस गीझर सुरू. थंडी वाजते म्हणून न्हाणीघराच्या झरोक्यात कुणीतरी पुठ्ठा खोचलेला असतो, फाटकी चादर कोंबलेली असते. दार आतून बंद. लहानशा खोलीतला प्राणवायू गीझरची ज्योत खाऊन टाकते, तो कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि हा वायू तयार होतो. पाणी छान गरम येत असतं. माणसाला चक्कर येते, आणि कडी काढायला हात उचलत नाही. असे काही जण वेळेवर बाहेर काढले गेले, त्यांना फिट आली असं समजून उपचार सुरू झाले, आणि मग मेंदूविकारतज्ज्ञांच्या ध्यानात आलं की दोष गीझरचा आहे. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी आहेत.

उत्तरेकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, तीही याच कारणानं. ही माणसं अडाणी नसतात. त्यांनी फक्त झरोक्याला फट समजलेलं असतं.

म्हणून थोडं व्यवहाराचं बोलतो. गॅसचा गीझर न्हाणीघरात नकोच. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा आणि पाणी नळानं आत आणावं. न्हाणीघराचा झरोका कुठल्याही ऋतूत बुजवू नये. वाऱ्याचा झोत नको असेल तर तिरक्या पट्ट्यांची झडप लावावी, तीतून हवा जाते आणि झोत मोडतो. दाराखाली थोडी जागा असू द्यावी, कारण वरून हवा बाहेर जायची तर खालून आत यायला हवी. स्वयंपाकघरात दोन वाटा हव्यात: धूर आणि वाफ वर चढते म्हणून एक उंचावर, आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो म्हणून एक खाली.

एक्झॉस्ट फॅन बसवताना आपण व्हेंटिलेटरची काच काढतो, मध्ये पंखा अडकवतो आणि उरलेल्या जागेत पुठ्ठा किंवा थर्माकोल दाबतो. वाफेनं तो सहा महिन्यांत लोंबतो. मग तिथून पाल येते, झुरळ येतं, कबूतर घरटं करतं. आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही: पंख्यानं बाहेर ढकललेली हवा कडेच्या फटीतून लगेच आत ओढली जाते. पंखा गरगरत राहतो, फोडणीचा धूर घरातच फिरतो. त्यासाठी पंख्याच्या मापाचं भोक असलेली पत्र्याची किंवा सिमेंटच्या पत्र्याची तबकडी चौकटीत बसवावी आणि कडा सिलिकॉननं बंद कराव्यात. भिंत फोडून भोक केलं असेल तर मोठी पोकळी विटेच्या तुकड्यांनी आणि गिलाव्यानं भरावी. फेस भरला तर त्यावर गिलावा किंवा रंग हवा, उन्हात तो भुगा होतो. तापणाऱ्या पाइपाभोवती मात्र फेस किंवा थर्माकोल कधीच नको, तिथे न जळणारं साहित्यच लागतं.

फट शोधायला यंत्र लागत नाही. पंखा चालू करून एक उदबत्ती पेटवा आणि चौकटीच्या कडेनं हळूहळू फिरवा. जिथे धुराची रेघ मोडते तिथे फट आहे. झरोक्यापाशी धूर सरळ बाहेर गेला तर समजा घर श्वास घेतं आहे.

करोनाच्या साथीनं हा जुना खटला पुन्हा उघडला. विषाणू बंद खोलीतल्या हवेतूनही पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट शब्दांत मान्य करायला २०२१ उजाडावं लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं लोकांना सांगितलं: खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा, हवा खेळती ठेवा. प्लेगात ज्या हवेवर खोटा आरोप ठेवला गेला तिच्यावरचा हा आरोप मात्र खरा निघाला. आणि सुटकेचा उपायही पुन्हा तीच हवा, फक्त कोंडलेली नव्हे, वाहती.

म्हणजे हवा दोषी की निर्दोष, असा कायमचा निकाल इतिहास देत नाही. या वेळी आत काय येतं आहे, कुठून येतं आहे आणि बाहेर काय जायला हवं, हे प्रत्येक पिढीला स्वतः पाहावं लागतं. धाब्यावर चढून साण्याचा काठ लिंपणाऱ्या माणसाला हे तिन्ही प्रश्न ठाऊक होते.

आज रविवार आहे. घरात गॅसचा गीझर असेल तर एवढं करा: स्टूल घ्या, न्हाणीघराच्या झरोक्यापर्यंत हात न्या. तिथे पुठ्ठा, कागद किंवा कापड लागलं तर ते काढून टाका. चिंधीच हवी असेल तर ती शेजारच्या फटीत भरा, तिची जागा तिथे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)